अण्णांची उत्तरपत्रिका

आई गेल्यापासून तिला बेबी म्हणणारे एक अण्णाच उरले होते. बाकी सगळ्यांची ती मॅडम. वय सेहेचाळीस, दोन मुलं कॉलेजात, आणि माणसं ओळखणं हा तिचा धंदा.

बँका, कारखाने, इस्पितळं तिला कार्यशाळेसाठी बोलवायची. वीस-पंचवीस माणसांना एका खोलीत बसवायचं, अठ्ठ्याऐंशी प्रश्नांची उत्तरपत्रिका भरून घ्यायची, आणि मग प्रत्येकाला त्याच्या मनाची रांग समजावून सांगायची. ती म्हणायची, मन चार पद्धतींनी काम करतं. विचार, भावना, संवेदन आणि अंतःप्रेरणा. प्रत्येक पद्धत एक तर बाहेरच्या जगाकडे वळलेली असते, नाहीतर आतल्या. कुणाचा विचार पुढे, कुणाची भावना. जी पहिली असते ती घरातल्या कर्त्या माणसासारखी, तिच्या जिवावर सगळं चालतं. दुसरी तिला मदत करते, तिसरी अर्धवट वाढलेली राहते. आणि चौथी? ती असते, पण हाताला लागत नाही.

इथे आली की बेबी अण्णांची गोष्ट सांगायची.

अण्णा वजनकाटे दुरुस्त करायचे. सोनाराच्या नाजूक काट्यापासून औषधं बनवणाऱ्यांच्या काचेच्या पेटीतल्या तराजूपर्यंत सगळं त्यांच्या दुकानात यायचं. प्रमाण वजनं ते बोटांनी कधी धरत नसत. बोटाच्या घामाचंही वजन होतं, म्हणून चिमटा. घरातही माणूस तसाच, चिमट्यानं धरल्यासारखा. बेबी नऊ वर्षांची असताना तिचा हात मोडला, तेव्हा अण्णांनी औषधांच्या वेळांचा तक्ता करून भिंतीवर चिकटवला, पण शेजारी येऊन बसले नाहीत. ती वसतिगृहात निघाली त्या दिवशी त्यांनी तिच्या ट्रंकेचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं आणि बस सुटायच्या आधीच दुकानात निघून गेले. आई हसण्यावारी न्यायची. "ह्यांना ताप आला ना, तरी आधी थर्मामीटर बरोबर आहे का ते बघतील," म्हणायची. पुढे आईच इस्पितळात अंथरुणाला खिळली. अण्णांनी चौकटीच्या कागदावर तिच्या तापाचा आलेख काढला. आई गेली तेव्हा नर्सनं वेळ सांगितली, तर अण्णांनी विचारलं, "कुठल्या घड्याळाप्रमाणे?"

त्या एका वाक्यावरून बेबी त्यांच्याशी वर्षभर बोलली नव्हती.

मग पस्तिसाव्या वर्षी ती या विषयाच्या प्रशिक्षणाला गेली. तिसऱ्या दिवशी फळ्यावर एक रांग लिहिलेली होती: आधी आत वळलेला विचार, मग बाहेरचं संवेदन, म्हणजे डोळे, कान, हात, मग अंतःप्रेरणा, आणि सगळ्यात तळाला बाहेर वळणारी भावना. बेबी ती रांग बघतच राहिली. हे तर अण्णा! तिची स्वतःची रांग नेमकी याच्या उलटी होती. भावना पहिली, विचार शेवटचा. जेवणाच्या सुट्टीत ती बाथरूममध्ये जाऊन रडली, पण ते रडणं सुटकेचं होतं. अण्णांना आपण नकोशा होतो असं नव्हतं. त्यांना जमत नव्हतं, एवढंच. लंगड्या माणसावर पळत का नाहीस म्हणून कोण रागावतं?

त्याच आठवड्यात ती उत्तरपत्रिका घेऊन घरी गेली. अण्णांनी चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक काढलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून अर्ध्या तासात अठ्ठ्याऐंशी खुणा केल्या. बेबी शेजारी बसून होती. निकाल फळ्यावरच्या रांगेसारखाच आला, एक घर इकडचं तिकडे नाही. बेबीनं त्यांना सगळं समजावलं. ते ऐकून "असं होय," म्हणाले.

तेव्हापासून बापलेकीचं बरं चाललं. फोनवर ती काट्यांबद्दल विचारायची, ते सांगायचे. ती कशी आहे हे ते विचारत नसत आणि तिला आता ते टोचत नसे. कार्यशाळेत ही गोष्ट संपता संपता चार-दोन माणसं तरी डोळे पुसायची. पुष्कळ जण नंतर येऊन तिचा हात धरून म्हणायचे, मॅडम, आज घरी फोन करणार.

अकरा वर्षं अशी गेली. मग अण्णा दुकानाच्या पायरीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. वय अठ्ठ्याहत्तर. ऑपरेशन झालं, पण ते उभे राहतील असं डॉक्टरांच्या बोलण्यात दिसेना. बेबीच्या धाकट्या भावाला दूरवरून येणं जमणार नव्हतं. कार्यशाळा रद्द करून बेबी अण्णांकडे राहायला आली, तिनं त्यांचा पलंग पुढच्या खोलीत हलवला, आणि दुकानाच्या मालकाला जागा परत हवी होती म्हणून एके दिवशी दुपारी ती दुकान आवरायला गेली.

ती वजनांची पेटी पुसत असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली. साठीची, बारीक, नाकावर घसरलेला चष्मा.

"तुम्ही बेबी ना? मी शेजारची. अर्ज, करारनामे टाइप करते. कसे आहेत ते?"

टायपिस्टबाईंची टपरीवजा खोली दुकानाला लागूनच होती. त्यांनी बेबीला तिकडे नेलं, चहा दिला. भिंतीवर एका मुलीचा फोटो होता.

"माझी मुलगी," बाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षांची होती. गाडीनं उडवलं. बारा वर्षं होतील आता."

बेबी फोटोकडे बघत राहिली.

"पहिलं वर्ष मी कुणाशी बोलले नाही. लोक यायचे, काळ हेच औषध म्हणायचे आणि जायचे. तुमचे अण्णा मात्र रोज चारला दुकान ओढून घ्यायचे आणि इथे येऊन बसायचे. काही बोलायचे नाहीत. मग एकदा त्यांनी विचारलं, आज तिचं काय आठवलं? मी सांगितलं, ती भाताच्या पेजेत साखर घालून खायची. तर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मीच त्यांना रुमाल दिला बघा." बाई किंचित हसल्या. "तेव्हापासून रोज विचारतात. आज काय आठवलं? माझं सांगून संपलं, मी तेच तेच सांगायला लागले, तरी ऐकायचे. ते नसते तर मी काही आज तुमच्यासमोर नसते."

"अण्णा?" बेबी म्हणाली. "आमचे अण्णा?"

"फार मायेचा माणूस," टायपिस्टबाई म्हणाल्या. "तुम्हाला काय सांगायचं म्हणा. तुमचे तर वडीलच."

चहा तसाच राहिला. बेबी घरी आली ती चालत. वाटेत तिनं मनातल्या मनात हिशोब मांडून पाहिला. संकटात तळातली पद्धत उसळून वर येते, तसं काही असेल. उतारवयात ती थोडी वाढते, असंही पुस्तकात होतं. पण बारा वर्षं, रोज, चार वाजता? उसळी अशी घड्याळ लावून येत नाही.

अण्णा उशीला टेकून बसले होते. तिनं त्यांना पाणी दिलं, चादर नीट केली, आणि मग राहवेना.

"टायपिस्टबाई भेटल्या."

"हं. बऱ्या आहेत ना?"

"तुम्ही त्यांच्यासमोर रडलात म्हणे."

अण्णांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आईच्या वेळी नाही रडलात. माझ्यासाठी तर कधीच नाही. मला एकदा तरी विचारलंत का, बेबी, आज कशी आहेस?"

"नाही विचारलं."

"का?"

त्यांनी बराच वेळ घेतला. टाळत नव्हते, शोधत होते. ते तिला दिसत होतं.

"माहीत नाही," ते शेवटी म्हणाले. "मी पुष्कळ विचार केलाय, बेबी. त्यांच्याकडे जमायचं. घरी आलो की दारातच काहीतरी मिटायचं. तुम्ही काही वाईट नव्हता. तुझी आई तर..." त्यांनी हात हलवला. "कारण सापडत नाही."

"पण मग ती उत्तरपत्रिका? सगळं स्वच्छ आलं होतं त्यात. भावना शेवटी. तुम्हीच भरलीत ना?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं.

"तू शेजारी बसली होतीस. मी एका खुणेवर पेन्सिल नेली की तुझा श्वास अडकायचा. दुसरीकडे नेली की सुटायचा. काटा कुठे झुकतोय ते बघण्यात माझा जन्म गेला, बेबी. तुला काय हवंय ते कळत होतं."

"म्हणजे खोटं लिहिलंत?"

"काही खरं होतं. बाकीचं तुझं बघून लिहिलं." ते थांबले. "तू इतक्या आशेनं आली होतीस. म्हटलं, एवढं तरी देता येईल."

बेबी उठून खिडकीशी गेली. समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या झटकत होतं, धप धप. तिनं ते संपेपर्यंत बघितलं.

"म्हणजे तुम्हाला येत होतं," ती म्हणाली.

"थोडं."

"आणि दिलं नाहीत."

"नाही दिलं," अण्णा म्हणाले.

त्यानंतर या विषयावर दोघं बोलले नाहीत. बेबीनं त्यांची सेवा केली, त्यात खोट काढायला जागा नव्हती. अंग पुसणं, कूस बदलणं, पेज भरवणं, औषधं वेळेवर. तक्ता करून तिनं तो भिंतीवर चिकटवला. पण पलंगाजवळ ती बसत नसे. खुर्ची ओढून खिडकीशी बसायची.

चौथ्या दिवशी घंटा वाजली. दारात टायपिस्टबाई. हातात फळांची पिशवी, चढून आल्यामुळे दम लागलेला.

"पाच मिनिटं बसते त्यांच्याजवळ."

बेबीनं दार अर्धंच उघडलं होतं. "आत्ताच झोप लागलीय त्यांना," ती म्हणाली.

अण्णा जागे होते. पुढच्या खोलीतून त्यांना दार दिसत नसलं तरी आवाज येत होता. ते काही बोलले नाहीत.

आठवड्यानं बाई पुन्हा आल्या. बेबी म्हणाली, डॉक्टरांनी कुणाला भेटू द्यायला मनाई केलीय. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा तिनं दारच उघडलं नाही. आतल्या बाजूला उभी राहून ती जिन्यावरून उतरत जाणारी पावलं ऐकत राहिली. माणसांच्या भावना जिला आधी कळतात, जिच्याजवळ कुणीही मन मोकळं करावं, असं जिच्या उत्तरपत्रिकेच्या प्रत्येक निकालात लिहून यायचं, तीच ही बेबी. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं. टायपिस्टबाई खाली जाऊन फुटपाथवर थोडा वेळ उभ्या राहिल्या, वर बघून मग गेल्या, हेही तिनं पडद्याआडून पाहिलं.

अण्णा रोज चारच्या सुमाराला मान वळवून दाराकडे बघायचे. तासभर बघायचे, मग भिंतीकडे तोंड करायचे. एकदाच त्यांनी विचारलं, "कुणी आलं होतं का?"

"नाही," बेबी म्हणाली.

"बरं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, तिच्याकडे न बघता, "बेबी, तू कशी आहेस?"

हे विचारायला त्यांना किती जड गेलं ते आवाजात ऐकू आलं. आयुष्यभर तिनं याच प्रश्नाची वाट पाहिली होती. आता तो आला तर तिला वाटलं, हा उष्टा आहे. दुसऱ्या घरी शिकून आलेला.

"मी ठीक आहे," ती म्हणाली आणि पेज गरम करायला निघून गेली.

सातव्या आठवड्यात अण्णांच्या छातीत कफ भरला. दोन दिवस घरघर चालली, तिसऱ्या दिवशी दुपारी थांबली. बेबी त्या वेळी पलंगाजवळ होती, हात धरून होती, पण त्यांना ते कळलं की नाही हे सांगता येणार नाही.

आठ-दहा दिवसांनी दुकानाचा ताबा सोडल्याचा अर्ज मालकाला द्यायचा होता. तो टाइप करून हवा होता. गावात दुसरे टायपिस्ट होते. बेबी कोपऱ्यापर्यंत जाऊन दोनदा परत फिरली आणि शेवटी त्या टपरीवजा खोलीत गेली.

टायपिस्टबाईंना कुणाकडून तरी कळलं होतं. त्यांनी बसा म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. मशीनमध्ये कागद सरकवला.

"पूर्ण नाव सांगा."

बेबीनं सांगितलं.

"निधनाची तारीख? कारण?"

तिनं तारीख सांगितली, न्यूमोनिया म्हणून सांगितलं. मशीनच्या कळा पडत राहिल्या. अर्ध्या पानावर बाईंची बोटं थांबली.

"एक विचारू? त्यांनी माझी आठवण काढली होती का कधी?"

एका शब्दात सुटता आलं असतं. नाही म्हटलं असतं तरी ते कोण तपासणार होतं?

"रोज," बेबी म्हणाली. "चार वाजले की दाराकडे बघायचे."

"पण तुम्ही म्हणालात झोपलेत. मनाई आहे म्हणालात."

"मी येऊ दिलं नाही तुम्हाला. ते जागे होते."

टायपिस्टबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. बाहेर एक माणूस कागद घेऊन उभा होता, त्याला त्यांनी खुणेनंच थांबायला सांगितलं. बेबीला वाटलं, आता त्या ओरडतील. ओरडाव्यात, असंच तिला वाटत होतं.

त्या ओरडल्या नाहीत. उरलेल्या चार ओळी पुऱ्या केल्या, कागद ओढून काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"इथे सही करा."

बेबीला अक्षरं नीट दिसत नव्हती. तिनं भलत्याच रेघेवर सही केली. बाईंनी तो कागद काढून घेतला, दुसरा सरकवला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करायला लागल्या.