बुजवलेली नळी

पार्वताबाईला गळतं पाणी बघवत नसे. दिघोरीला सारा जन्म धानाच्या बांधीत गेलेला. बांधाच्या पारीला बोटाएवढं भोक दिसलं की हातातलं काम टाकून ते चिखलाने बुजवायचं, नाहीतर बांधी कोरडी पडलीच म्हणून समजा. नातीच्या जन्मानंतर ती जवाहरनगरला लेकाच्या क्वार्टरात आली, तर न्हाणीतल्या गिझरच्या बारक्या नळीतून सारखी टपटप. लेक तेजराम फॅक्टरीत फिटर, पण घरच्या कामाला साहेबांना सवड कुठली! "वॉल्व खराब हाय, गिझर आपोआप बंदबी होत नाही; रविवारी नवा आणतो," म्हणाला आणि खाली बादली ठेवून मोकळा झाला.

तो रात्रपाळीला गेल्यावर म्हातारीने चिंधी गुंडाळून लाकडाची खुंटी नळीत ठोकली. टपटप थांबली. तिला फार बरं वाटलं.

सकाळी सून चंद्रकलेने गिझरचं बटन दाबलं. पार्वताबाईने नातीला तेल चोळलं, चांगलं निवांत चोळलं. मग न्हाणीत पाटावर बसून पाय लांब केले आणि पोरीला पायांवर घेतलं. नळ सोडला, तर पाण्याऐवजी वाफच फुसफुसली. तिने नळ बंद केला. डोक्यावर गिझर गुरगुरत होता.

तेवढ्यात तेजराम आला. त्याची नजर कोरड्या बादलीवर गेली.

"नळी काहून गळून नाही राहिली, माय?"

"मीनं बुजवली," ती कौतुकाने म्हणाली.

तेजरामने एका हाताने पोर उचललं, दुसऱ्याने आईला दंडाला धरून फरफटत अंगणात आणलं, चंद्रकलेलाही बाहेर ओढलं. मेन स्विच बंद करायला तो वळला आणि घर हादरलं.

न्हाणीचं छप्पर उडालं होतं. पाटाचे दोन तुकडे झाले होते. पार्वताबाई त्या तुकड्यांकडे बघतच राहिली.

"तापलेलं पानी फुगते, माय," तेजराम पायरीवर बसून म्हणाला. "जोर वाढला का त्या नळीतूनच निघते. मीनं तुले सांगाले पायजे होतं."

शेजारीपाजारी येऊन गेले. पोर रडत होतं, अंगावर तेल तसंच. चंद्रकलेने स्टोव्हवर पाणी तापवलं आणि रोजच्यासारखं पोर सासूपुढे धरलं.

पार्वताबाईने हात पुढे केले, मग मागे घेऊन पदराखाली लपवले.

"तूच घाल आंगोळ, बाई," ती म्हणाली. "माह्या हाताचा मलेच भरोसा नाही."