पट्टायाचा सूर्योदय

भात, म्हशी, पाऊस यांतलं काही विचारायला गावात थाविनकडे कुणी जात नसे, कारण त्यातलं त्याला फारसं कळत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पट्टायाचं नाव निघालं की सगळ्या माना त्याच्याकडे वळायच्या. तरुणपणी तो तिथे राहून आला होता. तिथले दिवे कसे रात्रभर विझत नाहीत, समुद्रातल्या माखल्या केवढ्या थोरल्या भाजतात, गोरे पाहुणे उन्हात पडून उकडलेल्या कोळंबीसारखे कसे लाल होतात, हे तो असं सांगायचा की ऐकणाऱ्याच्या ओठांना खारट चव यावी. त्याची बायको सामरान म्हणायची, आपण या माणसाशी लग्न केलं ते त्याच्या शेताकडे बघून नव्हे, त्याच्या समुद्राकडे बघून. शेत निदान होतं तरी.

यंदा कापणी लवकर आटोपली, भात कणगीत पडलं आणि बायकांनी ठरवलं की आता आयुष्यात एकदा समुद्र बघायचाच. वाटेतल्या देवळांत पुण्य जोडायचं, मग पट्टाया. व्हॅन तिपची. तिप ही गावचीच पोर, नवऱ्याला सोडून आली आणि स्वतःची व्हॅन घेऊन भाडी मारू लागली. खांबांवर उभ्या तिच्या घराखालच्या बाकांवर ठरावाची पहिली बैठक बसली, तेव्हा तिनं आधीच बजावून ठेवलं, की व्हॅनमध्ये मुरवलेल्या माशांची बरणी कुणीही उघडायची नाही. मागच्या फेरीचा वास अजून सीटमधून गेलेला नाही. बायका म्हणाल्या, बरणीवाचून पपईची कोशिंबीर खायची म्हणजे नवऱ्यावाचून सासर. मग नवरा बरा की बरणी, यावर बराच वेळ खल झाला आणि बरणी जिंकली. पुढची सीट थाविनला द्यायची हे मात्र वाद न होता ठरलं. वाटाड्या तोच.

थाविन फुलून गेला होता. कुठे उतरायचं, कुठे जेवायचं, भरती कधी येते, सगळं तो सांगत सुटला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला वाटेतले काटे थोडेच टोचतात!

तेवढ्यात लामून आली. ऐंशीच्या घरातली म्हातारी. आतापर्यंत तिनं सहलीत काही रस दाखवला नव्हता. ती बाकाच्या टोकाला बसली आणि म्हणाली, मीही येते.

लामूनचा मुलगा समुद्रानंच नेला होता, हे सगळ्या जाणून होत्या. एकटी लामूनच ते मानत नव्हती. सुबिन आणि थाविन एकाच वयाचे, एकाच म्हशीच्या पाठीवर वाढलेले. दोघं मिळून पट्टायाला कामाला म्हणून गेले. थाविन काही महिन्यांनी परतला. सुबिन मासेमारीच्या मोठ्या बोटीवर चढला तो परत आलाच नाही. देह मिळाला नाही, निरोप मिळाला नाही. गावानं किती सांगितलं, आता त्याच्या नावानं भिक्खूंना जेवण वाढ, पाणी सोड, त्याची सुटका कर. पण ती म्हणायची, थाविननं त्याला धडधाकट बघितलाय. जित्या माणसाच्या नावानं पाणी सोडतं का कुणी?

"थाविन सांगत होता ना," लामून बायकांना म्हणाली, "दोघं पहाटे वाळूत बसून चिकट भात आणि भाजलेली कोंबडी खायचे. समोर समुद्रातून सूर्य वर यायचा. माझा सुबिन म्हणायचा, हे आईला दाखवायला पाहिजे." ती बाकावर आणखी पुढे सरकली. "आता माझ्यानं वाट बघवत नाही. त्याच जागी बसून, तो सूर्य वर येताना पाणी सोडते. थाविन, जागा दाखवशील ना रे?"

"दाखवीन की, आई," थाविन म्हणाला. आमच्याकडे मित्राच्या आईला आईच म्हणतात. पण त्या दिवशी त्यानं ते तिच्याकडे न बघता म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिप व्हॅन धूत होती, तेव्हा थाविन उगाच तिथे घुटमळला. मनात काहीतरी टोचत होतं, म्हणून त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, किनाऱ्यावर सूर्योदय बघायला किती वाजता पोचावं लागेल. तिपनं ओल्या हातानं फोन काढला आणि मागच्या फेरीतलं चित्र दाखवलं. समुद्रात अर्धा बुडालेला लालभडक गोळा.

"हे संध्याकाळचं, काका. तिथे सूर्य समुद्रात मावळतो. सकाळी उगवतो तो मागून, हॉटेलांच्या डोक्यावरून. तुम्हाला आठवत नाही होय?"

थाविन हसला. म्हणाला, वय झालं. आणि सरळ घराकडे न जाता तळ्याच्या काठानं लांबून गेला.

आठवायला तो तिथे गेलेला तर पाहिजे ना! सगळ्या देशात त्या मुलखाला पूर्वेचा किनारा म्हणतात. पूर्वेच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवणार, हे गृहीत धरून त्यानं ती थाप मारली होती. आमच्याकडे समुद्र बघितलेली माणसं कमी, त्यामुळे इतकी वर्षं ती बिनबोभाट खपली. किनारा पूर्वेचा असला तरी पट्टायाची खाडी पश्चिमेकडे तोंड करून बसली आहे, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

खरं असं घडलं होतं. दोघं बँकॉकच्या बसतळावर उतरले. तिथे एक गोडबोल्या दलाल भेटला. पट्टायाला बोटीवर चला, जेवण फुकट, पगार दुप्पट. सुबिन हुरळला. थाविनला पोहता येत नव्हतं, आणि त्या दलालाचे डोळेही त्याला आवडले नाहीत. पण मित्रापुढे भित्रा कसं म्हणवून घ्यायचं? लघवीला जाऊन येतो म्हणाला आणि खांबाआड दडून बसला. पुढचे काही महिने सराबुरीच्या गोदामात त्यानं पोती वाहिली, कारण लगेच घरी परतायलाही तोंड नव्हतं. परतला तेव्हा लामून वेशीवरच उभी होती. तिनं विचारलं, माझा सुबिन कसा आहे? आणि थाविनच्या तोंडून आपोआप ते वाळूतलं जेवण आणि तो सूर्य बाहेर पडला. बसतळावरच्या दुकानात घेतलेली शिंपल्यांची माळही त्यानं तिच्या हातात ठेवली. सुबिननं पाठवली म्हणाला.

तिला बरं वाटावं म्हणून बोललो, असं तो स्वतःला सांगत आला होता. ते खोटं नव्हतंही. पण त्या एका खोट्यानं म्हातारीला जन्मभर दारात बसवून ठेवलं, हे त्याला तळ्याकाठी पहिल्यांदा नीट दिसलं. आपलीच किळस येणं म्हणजे काय ते त्याला कळलं.

पण लाज माणसाला लगेच शहाणं करते असं नाही. आधी ती आणखी गाढव करते. दुसऱ्या बैठकीला थाविन आला तो पट्टायाला शिव्या देतच. पट्टायात आता काही राम उरला नाही, म्हणाला. पाणी घाण, माणसं लुच्ची, रस्त्यावर बायाबापड्यांनी मान वर करू नये असले धंदे. त्यापेक्षा खाडीपलीकडच्या काठावर, हुआ हिनला जाऊ. किनारा शांत, आणि तिथे सूर्य असा समुद्रातून—

"आँ?" सामरान म्हणाली. "लग्नापासून माझं डोकं उठवलंस पट्टाया पट्टाया करून, आणि आता बायको निघाली तर पट्टाया घाण झालं?"

बायकांना आयतंच कोलीत मिळालं. एक म्हणाली, तिथे याची कुणी जुनी बसली असेल दार लावून. दुसरी म्हणाली, एकटी कशाला असेल, पोरंबाळंही असतील, व्हॅन बघून बाबा बाबा करत धावत येतील. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. थाविनही हसला. चोराला चोरीपेक्षा शिंदळकीचा आळ परवडतो, तसं त्याला झालं. जुनी आहे म्हणाल्या तर आहे, पण तेवढ्यावरच थांबा. तो फणकाऱ्यानं म्हणाला, तुम्हाला जायचं तर जा, मी काही येत नाही.

फक्त लामून हसली नव्हती. उठून जाताना तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सकाळी घरी ये म्हणाली.

सकाळी तो गेला तेव्हा ती घराखालच्या माचीवर बसली होती. वर तुळईला कायम टांगलेली शिंपल्यांची माळ आज तिच्या मांडीवर होती. फडक्यानं एकेक शिंपला पुसत होती. समुद्राची वस्तू समुद्राला परत द्यायची, म्हणाली. मग तिनं त्याच्यापुढे भाताची टोपली सरकवली. थाविननं हात लावला नाही.

"तुला तिथे का जायचं नाही?"

थाविन म्हणाला, गुडघे दुखतात. मग म्हणाला, व्हॅनमध्ये मळमळतं. ती शिंपले पुसत राहिली. ओरडली असती, तर त्यानं आणखी एखादी थाप मारली असती. पण ती वाट बघत राहिली. वाट बघण्यात त्या बाईचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आणि ती सवय तिला कुणी लावली हे त्याला ठाऊक होतं.

"मी तिथे कधी गेलोच नाही, आई," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. दलाल, खांब, गोदाम, पोती, सराबुरी. माळ कुठून घेतली तेही. सांगताना त्यानं वर बघितलं नाही. शिंपल्यांचा आवाज मध्येच थांबला, तेवढं त्याला कळलं. सगळं सांगून झाल्यावर त्याला वाटलं, आता ती थुंकेल, टोपली फेकेल, शेजारणींना हाका मारेल. यातलं काहीही झालं असतं तरी त्याला चाललं असतं.

लामूननं फडकं बाजूला ठेवलं. मग तिनं एवढंच विचारलं,

"मग तो तिथे जेवायला एकटाच बसत होता का रे?"

इतक्या वर्षांत स्वतःच्या खोटेपणाचा विचार त्यानं पुष्कळ केला होता. सुबिन कुणाबरोबर जेवला असेल, हा विचार त्याच्या मनाला एकदाही शिवला नव्हता.

"आणि बसतळावर? तू खांबाआड होतास तेव्हा?"

हे त्यानं सांगताना गाळलं होतं. खोटं बोलायची अजून संधी होती. पण आता जीभ रेटेना.

"माझी पिशवी त्याच्याकडेच होती," तो म्हणाला. "दोन्ही खांद्यांवर दोन पिशव्या घेऊन तो उभा होता. दलाल चल चल करत होता. एक बस त्यानं सोडली. हाका मारत होता मला. मी ऐकत होतो." आणि मग तो, साठीचा माणूस, माचीच्या कडेला डोकं टेकून रडला.

लामूननं त्याच्या पाठीवर हात फिरवला नाही. त्याला उठायलाही सांगितलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, माझं पोर शेवटी तुझी वाट बघत होतं, हे तरी खरं आहे ना? थाविननं मान हलवली. मग मी आणि तो एकाच माणसाच्या भरवशावर बसलो होतो, म्हणाली, आणि पुन्हा फडकं हातात घेतलं.

त्या संध्याकाळी तिपच्या घराखाली शेवटची बैठक होती. कोण कुठे बसणार ते ठरायचं होतं. थाविन आला तो घरी बसून राहायचं धैर्य नव्हतं म्हणून. बाकाच्या मागे, म्हशीच्या खुंट्याजवळ तो उभा राहिला. सामराननं त्याला बघून तोंड फिरवलं. ती अजून त्या जुनीवरच अडली होती. बायकांनी पुन्हा थट्टा सुरू केली, की आला बघा, ओढ कुठे सुटते.

लामून म्हणाली, सूर्योदय राहू दे, संध्याकाळी सूर्य समुद्रात जातो तेव्हाच आपण पाणी सोडू, ते बरं पडेल. तिपनं मान डोलावली. हे आधीच कुणी का विचारलं नाही, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ती म्हणाली, "पुढची सीट थाविनकाकांची ना? वाट दाखवायला?"

थाविननं डोळे मिटून घेतले.

"नको," लामून म्हणाली. "त्याला मागे, माझ्या शेजारी बसव. खिडकीपाशी."

"खिडकीपाशी कशाला, आजी? त्यांनी तर सगळं बघितलंय."

"नाही गं," लामून म्हणाली. "पहिल्यांदाच चाललाय तो समुद्र बघायला."

बायकांच्या बडबडीत ते वाक्य पडलं आणि बडबड थांबली. सामराननं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. कुणीही हसलं नाही. हसल्या असत्या तर थाविनला बरं वाटलं असतं.