रिकाम्या खुर्चीवर बसलेली पाहुणी

मी खुर्ची बोलतेय. हसू नका, पण माझ्यावर कुणी बसत नाही. कोल्हापुरात खुर्चीसाठी केवढे राडे होतात, पेपरात वाचता ना? आणि मी एवढी नक्षीची, मखमली गादीची, भिंतीला पाठ लावून नुसती उभी!

मूळची मी आजऱ्याकडची, फणसाच्या खोडाची. झिराडकरांच्या पणजोबांनी मला घडवून घेतलं. हे घर ज्यू, म्हणजे बेने इस्रायली. त्यांच्यात मुलगा झाला की आठव्या दिवशी त्याची सुंता करतात. फार पूर्वी देवानं अब्राहाम नावाच्या म्हाताऱ्याशी करार केला, त्याची ती खूण. त्या वेळी एलियाहू हन्नाबी, त्यांचा संदेष्टा, साक्षीला येतो म्हणे. त्याच्यासाठी मी. बाळाला क्षणभर माझ्यावर ठेवायचं, मग पुढचा विधी. एरवी मला फक्त फडकं.

घरातले हेझकेलबापू आपल्या लेकीला, सिपोराला, लहानपणी माझ्यापाशी बसून अब्राहामाची गोष्ट सांगायचे. देवाच्या शब्दावर तो गाव, गणगोत सोडून निघाला. पोटी मूल नाही, आणि देव म्हणतो, आभाळातल्या चांदण्या मोज, तेवढी तुझी लेकरं होतील. त्यानं विश्वास ठेवला! एकदा भर उन्हात तो झाडाखाली, तंबूच्या दारात बसला होता. सुंतेनं अंग ठणकत होतं. तेवढ्यात तिघं अनोळखी दिसले, तर हा उठून पळत सामोरा गेला. पाणी दिलं, भाकरी दिली. ती देवाची माणसं होती, पण हे त्याला मागाहून कळलं.

ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा. वाटायचं, ते झाड माझ्याच नात्यातलं. पानांवर ऊन, खाली तो म्हातारा, आणि लांबून कुणीतरी येतंय... मग बापू फडकं मारायचे आणि मी भिंतीपाशीच असायचे.

पुढं सिपोरानं नेसरीच्या शशिधरशी लग्न केलं, लिंगायत मुलाशी. बापूंनी बोलणं टाकलं. तिकडं शशिधरची आई बसम्मा, त्याची अव्वा, तिनंही. मग सिपोराला मुलगा झाला आणि बापू विरघळले. आई ज्यू, म्हणजे बाळ ज्यूच. त्यांना सुंता हवी होती. शशिधर म्हणाला, "माझं काय न्हाय, बापू. अव्वाला सांगावा धाडलाय. पण अव्वा न्हाय म्हटली तर न्हाय. तिला दुसऱ्यांदा दुखवणार न्हाय मी."

झिराडकरांच्यात आता पुढं दुसरं कुणी नव्हतं. करार इथंच थांबला, तर मला पुण्याच्या सिनेगॉगला, त्यांच्या प्रार्थनाघराला, देऊन टाकायचं बापूंनी ठरवलं होतं. गल्लीत टेम्पो वाजला तरी वाटायचं, मला न्यायलाच आला.

आठवा दिवस उजाडला. सुंता करणारे मोहेल पुण्याहून आले. एलियाहूच्या नावानं मलिद्याचं ताट भरलं, पोहे, गूळ, खोबरं. बसम्माचा पत्ता नाही. ऊन चढलं.

आणि दार ढकलून ती आली. स्टँडवरून चालत आलेली, घामाघूम, डोळ्यांपुढं अंधारी. समोर मोकळी खुर्ची दिसली आणि बसली की धपकन!

अगं आई गं! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा अंगावर मोठ्या माणसाचं वजन. माझे सगळे सांधे कुरकुरले. सिपोरा हळूच म्हणाली, "आई, ती एलियाहूची खुर्ची. तिथं कुणी बसत नाही."

बसम्मा ताडकन उठली. "शिवा शिवा! चुकलं बाई माझं. जाते मी." आणि वळलीच दाराकडं.

बापूंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा दाराकडं. मग दुखऱ्या गुडघ्यांनी ते पळत सुटले. खरंच पळत! हातात पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा.

"विहीणबाई, बसा. तिथंच बसा."

"अवो, पर तुमचा देव..."

"देव न्हाय, देवाचा माणूस. त्यो सांगून येत न्हाय, आन् कुठल्या रूपात येईल तेबी ठावं न्हाय. आदी पाणी घ्या."

ती पुन्हा माझ्यावर टेकली, अवघडून. पाणी प्यायली. मग विचारलं, "लेकराला दुखंल का?"

"दुखंल की. खोटं कशाला बोलू?"

तिनं तांब्या खाली ठेवला.

"आमच्यातबी तान्ह्याच्या गळ्यात शिवाचं लिंग बांधत्यात," ती म्हणाली. "शशी गप होता. मीच रडलेली. आपलं लेकरू देवाच्या हवाली करायचं म्हंजे..." आणि तिनं हात पुढं केले. "आणा हिकडं. माझ्या मांडीवर असू दे आदी."

मोहेलनी बापूंकडं पाहिलं. बापूंनी मान हलवली. बाळ तिच्या मांडीवर, ती माझ्यावर. माझ्या पाठीला पानं फुटताहेत असं मला वाटलं, खोटं नाही सांगत.

विधी पार पडला, बाळाचं नाव अब्राहाम ठेवलं. बसम्मा आबू म्हणते. आता तो माझा पाय धरून उभा राहतो आणि नक्षी चाटतो. टेम्पोची भीती गेली. मी पुन्हा रिकामीच असते. बसम्मा आली की माझ्याशेजारी खाली बसते, आग्रह केला तरी वर बसत नाही.

त्या दिवशी माझ्यावर येऊन कोण बसलं होतं, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकत नाही. बापूंनाही नसेल सांगता येणार. तुमच्याकडं कुणी उन्हातून आलं, तर एवढंच करा, त्याला बसू द्या, पाणी द्या. नाव मग विचारा.