रडणारं झुडूप आणि माझा चष्मा

सकाळी सहालाच आमच्या मागच्या दारी रांग लागायची. कुणाच्या हातात चमचा, कुणाच्या हातात बाटलीचं झाकण. भिंतीआडच्या सावलीत आमचं झुडूप, इथल्याच मातीतलं, बारा महिने हिरवंगार. पानांच्या कडेला टपोरे थेंब. दव म्हणावं तर शेजारची फरशी कोरडी. मी खुर्ची टाकून सांगत बसायची, "आमचे हे गेले तेव्हापासून रडतंय. त्यांनीच लावलेलं ना."

थाप होती. मला थापा मारायला आवडतं, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण लोक माना डोलवायला लागले तसा मला चेव चढला. त्यात माझा चष्मा हरवला. सून ओरडेल म्हणून ठोकून दिलं, की हे थेंब डोळ्यांत घातले आणि चष्माच सुटला. चष्मा सोफ्याखाली होता. लोक येताना झाडाला तांब्याभर पाणी घालू लागले. झाड आणखीच रडू लागलं.

शेजारची शिवणवाली मला बहिणीसारखी. तिला काचबिंदू, डोळ्यांतला दाब वाढायचा, रोज औषध घालावं लागे. एकदा सुई पुढे करून म्हणाली, "ताई, एवढा दोरा ओवून दे गं. कडेचं तर काहीच दिसेना."

"औषध घालतेस ना?"

"तुझ्या झाडाचंच घालते की. दोन महिने झाले."

मी सुई तिथंच टाकली. तिला तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर गेली, उरलेली औषधानं टिकेल. परतताना ती माझाच हात धरून चालली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी रांगेपुढे कबूल केलं, थाप होती. कोणी ऐकेना. आजी आपली परीक्षा बघतात, म्हणाले. मग नर्सरीवालीला बोलावलं, हे झुडूप तिच्याकडचंच. तिनं मुळाशी बोट खुपसलं.

"आजी, ह्याला सावली हवी, ओल हवी, पण चिखल नको. कुजेल. पाणी बंद करा."

पाचव्या सकाळी पानं कोरडी. झाड रुसलं, कोणीतरी कुजबुजलं. संध्याकाळी नर्सरीवालीनं मुद्दाम दोन बादल्या ओतल्या. सकाळी थेंब हजर.

"मुळं रात्रभर पाणी वर ढकलतात," ती म्हणाली. "दमट सावलीत ते उडून जात नाही, पानांच्या कडेनं बाहेर येतं. तुम्हीच पाजलेलं पाणी आहे हे."

रांग पांगली. कोणी माझ्याकडे बघितलं नाही, मीही कोणाकडे नाही.

आता रोज सकाळी मी शिवणवालीच्या सुया ओवून ठेवते. माझ्या गोष्टी ऐका, पोटभर हसा. पण डोळ्यांत काही घालण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि सांगणाऱ्या म्हातारीलाही विचारा, आजी, तुमचा चष्मा कुठाय?