पवित्र गुरुवारचा गम्बो

माझ्या मावशीचं नाव झेनोबी. आम्ही सगळे तिला ताँत म्हणायचो. नाताळच्या आठवड्यात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं आणि गिळणंही गेलं. डॉक्टरांनी पोटात नळी बसवली आणि दिवसातून चार वेळा माझी आई त्या नळीतून दुधासारखं काहीतरी सोडू लागली. जानेवारीत ताँतनं कोणाचं लक्ष नसताना उशाशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी दोन घोट घेतलं, तर न्यूमोनिया होऊन मरता मरता वाचली. तेव्हा हॉस्पिटलातल्या बाईनं आईला बजावलं होतं, "तोंडावाटे काही द्यायचं नाही. चमचाभरसुद्धा नाही. ते पोटात जात नाही, फुप्फुसात जातं."

ताँत एक्क्याऐंशी वर्षांची होती आणि आई, ओनोरीन, चौऱ्याहत्तरची. दोघी न्यू ऑर्लिन्सच्या सातव्या वॉर्डातल्या याच घरात जन्मल्या. आईच्या संसाराची अकरा वर्षं सोडली तर कधी वेगळ्या राहिल्या नाहीत, आणि एक दिवस भांडल्याशिवाय राहिल्या नाहीत. भांडण बहुतेक चुलीपाशीच व्हायचं. गुड फ्रायडेच्या उपासाच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, आमच्याकडे पाल्यांचा गम्बो, म्हणजे दाट रस्सा, व्हायचा आणि अर्धी गल्ली जेवायला यायची. आई जुड्या निवडायची. शिजवायची ताँत.

"चौपन्न वर्षं देठं मोडतेय मी," आई म्हणायची. "पळी काही हाताला लागली नाही."

"तुझं पीठ भाजलेलं पाहिलंय मी," ताँत म्हणायची. "डांबर रस्त्यावर ओततात ग, पातेल्यात नाही."

आणि मग पीठ परतता परतता आम्हा पोरांना सांगायची, "तेलात पीठ भाजायचं फ्रेंचांकडून आलं. गम्बो हा शब्द आफ्रिकेचा, आपल्या पणज्या साखळदंडात आल्या तेव्हा जिभेवर घेऊन आल्या. आणि फिले, ही ससाफ्रासच्या पानांची पूड, इथल्या मूळच्या चोक्टॉ जमातीच्या बायका बाजारात बसून विकायच्या. आपण यातले नक्की कोण, असं कुणी विचारलं तर म्हणावं, जेवायला ये."

यंदा आईनं करायचं नाही असं ठरवलं. आमच्या घराला बोळ नाही. एका खोलीतून दुसरीत जायचं, दुसरीतून तिसरीत, आणि सगळ्यात मागे स्वयंपाकघर. ताँतचा पलंग त्याच्या अलीकडच्या खोलीत. "तिच्या नाकाशी शिजवायचं आणि तिलाच द्यायचं नाही?" आई मला म्हणाली. "मी काय राक्षसीण आहे का, नोएमी?"

पण सोमवारी ताँतनं डाव्या हातानं पाटी ओढली आणि वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'पाले किती?'

"यंदा नाही करत," आई म्हणाली.

ताँतनं पुसलं. पुन्हा लिहिलं, 'किती?' खडू तुटला.

आईनं खडूचा तुकडा उचलून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "सात."

ताँतनं लिहिलं, 'नऊ.'

पाल्यांची संख्या विषमच लागते, आणि जितके पाले तितके वर्षभरात नवे मित्र मिळतात असं आमच्यात मानतात. "एक्क्याऐंशीव्या वर्षी हिला मित्र हवेत," आई पुटपुटली आणि पिशव्या घेऊन निघाली.

बुधवारी आम्ही सगळ्या जुड्या तिच्या पलंगावर पसरल्या. मोहरीचा पाला, सलगमचा, बीटचा, गाजराचा, कोबी, पालक, कोलार्ड, पार्सली, ओढ्याकाठचा तिखट पाला. ताँत एकेक जुडी नाकाशी धरायची. सलगमची जुडी तिनं सरळ जमिनीवर फेकली. आई बदलून आणायला गेली.

गुरुवारी सकाळी आईनं पीठ भाजायला घेतलं. पलंगाच्या लोखंडी कठड्यावर ताँत चमच्यानं वाजवू लागली. एक ठोका म्हणजे परतत राहा, थांबू नकोस. नुसत्या वासावर चाललं होतं सगळं. आई घामाघूम झाली. "झेनो, आता काढू?" एक ठोका. "करपेल!" एक ठोका. शेवटी दोन ठोके आले आणि आईनं पातेलं उतरवलं. पिठाला जुन्या तांब्यासारखा रंग आला होता. ते पातेलं घेऊन ती पलंगाशी धावली. "बघ म्हातारे, बघ. याला डांबर म्हण आता!" ताँतचं तोंड एका बाजूनं हललं. त्या महिन्यांत मी तिला हसताना तेवढंच पाहिलं.

दुपारी माणसं आली. पलंगाशी थांबून ताँतचा हात धरत, मग वाडगा भरून पुढच्या खोलीत जाऊन बसत. फादर आन्सेल्म तिला ख्रिस्तप्रसाद द्यायला आले. भाकर तिला गिळता येत नाही म्हणून त्यांनी पवित्र द्राक्षरसाचा एकच थेंब तिच्या जिभेवर टेकवला.

आई दारात उभी होती. "फादर, हे चालतं?"

"डॉक्टरांना विचारलंय मी. एकच थेंब."

"मग माझ्या पातेल्यातला एक थेंब?"

फादर गोंधळले. "ते मी कसं सांगू, ओनोरीन? मी डॉक्टर नाही." ते पुढे जेवायला गेले.

आई चमचा घेऊन आली. रस्सा तिनं फुंकून गार केला होता. मी म्हटलं, "आई, नको."

"मला नको सांगूस. हिला सांग."

मी ताँतकडे पाहिलं. तिनं तोंड उघडलं होतं. मी चालायला लागायच्या आधी जिनं मला गम्बो चारला होता, तिला नको म्हणायचं होतं. मला नाही जमलं. आईला अडवायला हवं होतं, तेही जमलं नाही. मी चादरीची सुरकुती सारखी करत बसले.

पहिला थेंब जिभेवर पडला. ताँतनं डोळे मिटले. जबडा हळूहळू हलला. काही झालं नाही. मग तिनं पुन्हा तोंड उघडलं आणि आईनं दुसरा थेंब दिला.

"बस आता, झेनो. बस ग."

ताँतनं डाव्या हातानं आईचं मनगट पकडलं. त्या हातात इतका जोर असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. आई "सोड, सोड" म्हणत होती, आणि ताँतनं चमचा तोंडाकडे ओढला. अर्धा चमचा रस्सा आत गेला.

मग ठसका लागला. ओठ काळेनिळे पडले. मी कफ ओढायचं यंत्र लावलं, आई तिची पाठ चोळत होती, रडत होती, शिव्या देत होती. पुढच्या खोलीत चमच्यांचे आवाज थांबले. श्वास परत यायला दोनेक मिनिटं लागली असतील. ताँतनं डोळे उघडले ते चमच्याकडेच. तो खाली पडला होता. तिला तो अजून हवा होता.

शनिवारी ताप चढला. ईस्टर हॉस्पिटलात गेला आणि मंगळवारी पहाटे ताँत गेली.

आईनं डॉक्टरला गाठलं. तरुण होता, हातात कागद घेऊन उभा होता. "त्या अर्ध्या चमच्यानं झालं का?"

"सांगता येत नाही. त्यांची स्वतःची लाळही फुप्फुसात जातच होती. आज ना उद्या होणारच होतं."

"म्हणजे त्यानं नाही झालं?"

"तसंही सांगता येत नाही, मॅडम."

मग ती फादरांकडे गेली. फादर म्हणाले, थेंब तर मीही दिला होता. तेवढ्यानं आईचं समाधान झालं नाही, आणि मला वाटतं त्यांचंही नाही. अंत्यविधीला आलेली प्रत्येक बाई आईचे हात धरून एकच सांगत होती, "निदान चव घेऊन गेली ग. सुखानं गेली." आई मान डोलवायची. मी ताँतचा चेहरा पाहिला होता. सुख वगैरे काही नव्हतं त्यात. भूक होती. हे मी आईला कधी बोलले नाही, आणि तीही त्याच खोलीत होती, तिनंही पाहिलंच असणार.

पुढच्या वर्षी लेंट, ईस्टरआधीचा उपासाचा काळ, संपत आला तसे गल्लीतले लोक यंदा गम्बो आहे का असं विचारू लागले. बुधवारी मी जुड्या आणल्या, तर आईनं त्या पुढ्यात ओढल्या आणि निवडून दिल्या. मग हात धुऊन म्हणाली, "शिजव तू. मी बाहेर बसते."

माझं पीठ दोनदा करपलं. तिसऱ्यांदा बरं जमलं. आई दुपारभर पुढच्या पायरीवर बसून होती. आल्या-गेल्याला म्हणत होती, "जा आत, गरम आहे." मी एक वाडगा तिच्याशेजारी नेऊन ठेवला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. मी आत जाऊन लोकांना वाढू लागले.