काकडीचा रिपोर्ट

मास्तरांची साखर नॉर्मल निघण्यात मास्तरांचा फायदा होता, आणि तो थोडाथोडका नव्हता. ते गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कापड कापायचे, आणि तिथले मोठे मास्तर दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. खिडकीजवळचं कापणीचं लांबलचक टेबल, हाताखाली सहा माणसं, शिवाय मालकांच्या तोंडचं 'अरे' जाऊन 'अहो' येणं, एवढं सगळं आमच्या मास्तरांच्या पदरात पडल्यातच जमा होतं. अट एकच, माणूस धडधाकट हवा. "लंगड्या घोड्यावर मी डाव लावत नाही," असं मालक येता-जाता म्हणत. हा विनोद की नियम, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

अडचण अशी की सहा महिन्यांत मास्तरांनी तीनदा रक्त तपासलं होतं. पहिला आकडा काठावरचा, दुसरा काठ ओलांडलेला, तिसरा अगदी गुणी बाळासारखा. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच नक्की सांगता येत नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी करून घ्या." मास्तरांनी त्यातलं 'नक्की सांगता येत नाही' एवढंच उचललं आणि घरी पोचेपर्यंत त्याचं 'काही नाही' करून टाकलं. तिसरा रिपोर्ट त्यांनी लॅमिनेट करून घेतला. लग्नाचा फोटो काही कधी लॅमिनेट झाला नव्हता, हे बायकोनं मनात नोंदवलं.

"अहो, मग आधीच्या दोन रिपोर्टांचं काय?"

"ते जुने झाले."

"आणि दुपारी हात थरथरतात त्याचं?"

"कामाचा ताण गं! खिशात गोड गोळ्या असतात माझ्या."

गोळी चघळली की थरथर थांबे. मग तासाभरानं डोळ्यांपुढे धुकं येई. मास्तर चष्मा पुसत आणि काम रेटत.

कापडाच्या थरांवर खडूनं रेघा आखायचं काम एका बाईंकडे होतं. सगळे त्यांना खडूताई म्हणत. त्यांनी आखायचं, मास्तरांनी कापायचं, असं अकरा वर्षं बिनबोभाट चाललं होतं. त्या महिन्यात मात्र साठ बाह्या अर्धा इंच अरुंद निघाल्या. मालक भडकले. "आखणी चुकली की कापणी?"

मास्तरांना खरंच ठाऊक नव्हतं. पण 'ठाऊक नाही' म्हणायला खिडकीजवळचं टेबल आड येत होतं.

"मी रेघेवरूनच कापलं, साहेब."

खडूताईंनी एकदाच मास्तरांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मालकांनी त्यांना घरी बसवलं.

तीन आठवड्यांनी मास्तर चष्म्याच्या दुकानात गेले. महिन्यातली ही तिसरी खेप. दुकानवाल्या बाई उतारवयाच्या आणि जिभेनं तिखट. त्यांनी डोळे तपासले, आधीचे दोन कागद काढले आणि हात जोडले.

"मास्तर, तुम्हाला मी चष्मा विकणार नाही."

"का हो बाई? उधारी मागतोय का मी?"

"महिन्यात तीन नंबर! हे डोळे आहेत की हवामान? साखर वर-खाली झाली की डोळ्याचं भिंग फुगतं, नंबर सरकतो. आज दिलेला चष्मा पुढच्या आठवड्यात तुमचा राहणारच नाही."

मास्तरांनी ऐटीत पाकिटातून तो चकचकीत रिपोर्ट काढला. बाईंनी तो उलटसुलट पाहिला.

"चाचणीच्या आधी काय खाल्लं होतंत?"

"तीन दिवस नुसती काकडी," मास्तर अभिमानानं म्हणाले.

"मग हा रिपोर्ट काकडीचा आहे, तुमचा नव्हे. अहो, परीक्षेच्या आदल्या रात्री घोकून पास होता येतं, शरीरात नाही! मी डॉक्टर नाही. तुम्हाला मधुमेह आहे की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण 'नक्की नाही' म्हणजे 'नाही' नव्हे, एवढं कळायला डॉक्टर कशाला हवा?" मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "बरं, कापायचं काम तुमचं. रेघ दिसते का?"

मास्तर रिपोर्ट पाकिटात घालून उठले.

दुसऱ्या दिवशी कारखाना उघडताच ते त्या बाह्यांच्या कातरणीच्या पोत्यापाशी गेले. वरच्या थराच्या चिंध्या शोधून त्यांनी एकेक नाकाजवळ धरली. निळ्या कापडावर पांढरी रेघ, सरळ, ठसठशीत. आणि ती टाकलेल्या तुकड्यात होती! एका चिंधीवर, दुसरीवर, सगळ्यांवर! खडूताईंची रेघ जागेवर होती; कात्रीच अर्धा इंच आत शिरली होती.

मास्तर चिंध्या घेऊन थेट मालकांपुढे उभे राहिले. "साहेब, चूक माझी. मला रेघ दिसत नव्हती, आणि मी ते लपवलं." मालकांनी दोन शिव्या हासडल्या, पण खडूताईंना परत बोलवा, असंही म्हणाले.

त्याच संध्याकाळी मास्तर त्यांच्या दारी गेले. खडूताईंनी चिंध्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"रेघ सरळ होती, हे मला ठाऊकच होतं. बावीस दिवस घरात पगार नाही, मास्तर. लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची तारीख गेली. साखर तुमची, आणि पथ्य पाळलं आमच्या घरानं."

मास्तरांनी चिंध्या खिशात परत ठेवल्या.

सरासरीची चाचणी झाली. आकडा रेषेच्या जरा पलीकडे. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा एकदा तपासून पक्कं करू, पण चालणं आणि वेळेवर जेवणं आजपासून." मास्तर आता काकडी खातात, पण चाचणीनंतरही खातात. थरथर झाली तर वहीत वेळ लिहितात आणि कात्री खाली ठेवतात.

वाचकहो, आजार नक्की नसेल तेव्हा तो तपासायचा असतो, सोयीचा रिपोर्ट निवडायचा नसतो. आपण लपवलेलं दुखणं आपल्या अंगात मुकाट्यानं राहत नाही; ते शेजारच्या माणसाच्या ताटात उतरतं. आणि ज्या कारखान्यात आजार कबूल करणं म्हणजे टेबल गमावणं, तिथं असे काकडीचे रिपोर्ट निघतच राहणार, हे मालकमंडळींनीही ध्यानात घ्यावं.

आता या काकडीच्या रिपोर्टाची किंमत कुणी किती भरली ते पाहू. चष्मेवाल्या बाईंचा एक चष्मा खपला नाही. मालकांच्या साठ बाह्या वाया गेल्या. मास्तरांच्या हातचं मोठं टेबल वर्षभर लांबलं. आणि जिच्या रक्तात साखरेचा एक कणही जास्त नव्हता, त्या खडूताईंच्या लेकीचं एक अख्खं वर्ष गेलं.