दोन घरांची किडनी

मी एक जुनी किडनी आहे, मित्रांनो. वय त्रेचाळीस. त्यातली एकेचाळीस वर्षं मी नोबांटूच्या पोटात काढली आणि गेली दोन तिच्या नवऱ्याच्या, मझ्वांडिलेच्या पोटात. तेव्हा मी नक्की कुणाची, हे विचारू नका. मलाच अजून नीट कळलेलं नाही.

नोबांटू केपटाउनच्या लांगा वस्तीतल्या शाळेत स्वयंपाक करते. मी मुकाट्याने तिचं रक्त गाळायचे. मझ्वांडिलेच्या दोन्ही किडन्या थकल्या, तेव्हा तिने मला त्याला देऊन टाकलं.

नव्या घरात रक्तातले पहारेकरी ओरडले, "ही परकी! हाकला!" गोळ्यांनी त्यांना गुंगी आली म्हणून मी वाचले. मग डॉक्टरबाईंनी एक नवा प्रयोग केला. नोबांटूच्या हाडांतून मूळ पेशी काढल्या, प्रयोगशाळेत बदल करून त्यांचा भांडखोरपणा घालवला आणि त्या मझ्वांडिलेच्या रक्तात सोडल्या. मी आपलीच आहे, हे त्या पेशी पहारेकऱ्यांना शिकवणार होत्या. एका सकाळी ओळखीच्या पेशी वाहत आल्या आणि मला वाटलं, मी माहेरी परतले की काय!

"ही शिकवणी लांबते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रक्ताची तपासणी सांगेल तेव्हाच गोळ्या कमी करू."

पण मझ्वांडिलेची आई नोसाखेले रीतीभातीची पक्की. घरात मूल आलं की बकरा कापून पूर्वजांना त्याची ओळख करून देतात, तशी तिने माझी करून दिली. पूर्वजांशी बोलणारे मझ्वांडिलेचे काका मध्येच अडखळले.

"वहिनी, कुठल्या कुळाची म्हणून सांगू?"

"आली सुनेच्या कुळातून, आता आपली. सांगा पटकन, मटण थंड होतंय."

माझा गोंधळ आणखीच वाढला. पाहुणे गेल्यावर म्हातारी मुलाला म्हणाली, "पूर्वजांनी हिला घरात घेतलं. आता गोळ्या घेतल्यास तर त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल."

त्याने गोळ्या थांबवल्या.

सहाव्या दिवशी पहारेकरी जागे झाले. शिकवणी अर्धवटच झालेली. काही मला ओळखत, काही धरून मारत. मी सुजले. लघवी आटली. मझ्वांडिलेचे पाय एवढे फुगले की बूट चढेना.

नोबांटूने गोळ्यांचा डबा उघडला. भरलेला!

"हे काय?"

"आई म्हणाली..."

"मग बूटही आईकडूनच चढवून घे!"

ती सासूसमोर जाऊन बसली. नजर खाली, आवाज हळू. "आई, लेकराची ओळख करून दिली की आपण त्याला दूध पाजायचं थांबवतो का?"

म्हातारी उठली. सुनेला म्हणाली, "मादलोमो, गाडी बोलाव. दवाखान्यात चला. चूक माझी आहे, डॉक्टरबाईंना मीच सांगते."

मी वाचले, पण माझा एक कोपरा कायमचा निकामी झाला. पुढे तपासण्या चांगल्या आल्या, तशा डॉक्टरबाईंनी एकेक करून गोळ्या कमी केल्या. आता एकच उरली आहे. ती वेळेवर द्यायचं काम म्हातारीने स्वतःकडे घेतलंय.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी अशा गोळ्या घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही थांबू देऊ नका. परक्या घरात रुळायला आम्हाला वेळ लागतो.

या घरात सुनेला तिच्या माहेरच्या कुळाच्या नावाने हाक मारतात. रोज सकाळी म्हातारी मुलाच्या पोटाकडे बघून विचारते, "मादलोमो, काम नीट चाललंय ना?"

स्वयंपाकघरातून नोबांटू म्हणते, "हो, आई."

आत मीही हो म्हणते.